किमुरा नेमका कुणाचा?

गेल्या मंगळवारी एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा, पकडी सगळं चालणारी लढत) क्लासमध्ये मी टॅप करायला, म्हणजे हार मानून हाताने थोपटायला, अर्धा सेकंद उशीर केला. एवढंच झालं. समोरचा पोरगा माझ्यापेक्षा १२ किलोने हलका, वयाने जवळपास निम्मा, त्याने माझं मनगट धरलं, दुसरा हात माझ्या दंडावरून टाकून खालून ओवला, स्वतःचंच मनगट पकडलं आणि माझा हात हळूहळू पाठीमागे न्यायला लागला. मला वाटलं, निघेन. चाळिशीला टेकलेल्या माणसाला मॅटवर आठवड्यातून एकदा तरी असं वाटतंच. खांद्यातून बारीक 'टक्' आलं, मी टॅप केलं, पोरगं घाबरून 'सॉरी दादा, सॉरी' करत बसलं, आणि आता फिजिओच्या हुकमाने तीन आठवडे नुसतं बघायचं. म्हणून हे लिहितोय, नाहीतर ह्या वेळेला मी क्लासमध्ये घाम गाळत असतो.

खरी गंमत त्यानंतर झाली. खांद्याला बर्फ लावून भिंतीला टेकून बसलो होतो तर कोच आले आणि म्हणाले, 'किमुरा होता, कोपर अंगापासून लांब सोडलंसच कशाला?' शेजारी आमचा जुडोवाला, तो म्हणाला ह्याला उदे-गारामी म्हणतात. आणि एक जुना गडी आहे जो रात्र रात्र जुने कॅच रेसलिंगचे व्हिडिओ बघतो, तो म्हणाला छे, डबल रिस्टलॉक, खरं नाव तेच. झालं, तिघं माझा खांदा विसरले आणि नावावरून हमरीतुमरीवर आले. मी मधे बर्फाची पिशवी धरून बसलेलो.

पण घरी आल्यावर डोक्यातून जाईना. एकाच पकडीला तीन नावं का? आणि तिघंही खरे कसे? मला हा इतिहास वाचायचा नाद आधीपासून आहे, कुस्ती-बॉक्सिंगची जुनी पानं चाळत बसायला आवडतं, तर ह्या सुट्टीत म्हणलं एकदा सगळा धागा सरळ लावून बघू.

एमएमएबद्दल लोक हमखास लिहितात की जगभरातल्या युद्धकलांमधलं उत्तम उत्तम वेचून हा खेळ बनवला. ऐकायला बरं वाटतं, जणू कुणीतरी टेबलाशी बसलं, समोर यादी ठेवली, ह्यातला ठोसा घे, त्यातली लाथ घे. आता असं बसून ठरवून करणारा एक माणूस होऊन गेला हेही खरं. एडवर्ड बार्टन-राइट नावाचा इंग्रज, जपानमधून परत आला आणि १८९९च्या सुमारास लंडनमध्ये त्याने बार्टित्सू सुरू केलं, म्हणजे जपानी जुजित्सू, बॉक्सिंग, सवात ही फ्रेंचांची लाथांची कला आणि काठी, सगळं एका छताखाली, शिकवायला जपानहून युकिओ तानी आणि सादाकाझू उयेनिशी, स्वित्झर्लंडचा कुस्तीगीर आर्मां शेरपियो. आजच्या जिमचं टाइमटेबल घ्या, काय वेगळं आहे? पण १९०२च्या आसपास त्याचा क्लब बंद पडला. बाकी जे आज आपण शिकतो ते असं आखून आलेलं नाही. ते आलं मार खाऊन. कुणीतरी हरला, हाडं मोडून घेतली, आणि ज्याने मोडली त्याचीच विद्या घेऊन घरी गेला. मला तरी सगळीकडे हेच दिसतं.

(ग्रीकांचं पँक्रेशन, इसवीसनपूर्व ६४८चं ऑलिम्पिक वगैरे मी सोडून देतोय. खेळ तोच असेल, पण तिथून आपल्या क्लासपर्यंत हातातून हातात आलेली अशी साखळी दिसत नाही, आणि मला साखळीतच रस आहे.)

तर साखळी. १८८२, टोकियो, एका देवळातल्या बारा चटयांच्या खोलीत जिगोरो कानो नावाचा २१ वर्षांचा पोरगा जुडो शिकवायला लागतो. जुन्या जुजित्सूमध्ये डोळ्यात बोटं घालणं, बोटं मोडणं, असलं सगळं होतं, आणि नेमकं त्यामुळेच त्याचा सराव पूर्ण जोर लावून करता येत नव्हता, बहुतेक ठिकाणी कवायतीसारखे ठरलेले प्रकार. कानोने जीवघेणं ते सरावातून बाजूला काढलं आणि उरलेलं पूर्ण ताकदीने, समोरचा विरोध करत असताना, रोजच्या रोज करायला लावलं. ह्या सरावाला म्हणतात रांदोरी. मला विचाराल तर अख्ख्या एमएमएमध्ये ह्यापेक्षा मोठा शोध नाही. कमी खतरनाक शिकणारा माणूस जास्त खतरनाक निघतो, कारण त्याने ते खऱ्याखुऱ्या धडपडणाऱ्या माणसावर हजार वेळा केलेलं असतं. आज आपण 'लाइव्ह जाऊ या' म्हणतो ना राउंड सुरू करताना, ते हेच.

कानोच्या कोडोकान ह्या शाळेतून तयार झालेला मित्सुयो माएदा १९०४ला जपान सोडून अमेरिकेला गेला आणि मग फिरतच राहिला, इंग्लंड, बेल्जियम, स्पेन, क्युबा, मेक्सिको, जिथे जाईल तिथे बॉक्सर-पैलवान जो भेटेल त्याच्याशी भिडायचा, पैसे मिळायचे, कोंदे कोमा असं टोपणनावही पडलं. १९१४ला ब्राझीलमध्ये पोचला आणि शेवटी बेलेंमध्ये, अॅमेझॉनच्या मुखाशी, स्थायिक झाला. तिथेच १९४१ला वारला. त्याच्या हाताखाली १९१७च्या सुमारास एक किशोरवयीन मुलगा आला, कार्लोस ग्रेसी, ज्याचे पूर्वज स्कॉटलंडहून ब्राझीलला आलेले. म्हणजे जपानी माणूस, स्कॉटिश आडनाव, ब्राझीलचं गाव, आणि माएदा शिकवणार ते नुसतं कोडोकानचं जुडो नाही, दहा वर्षं परक्या देशांत पैलवानांशी झटापट करून जे उरलं ते. कार्लोसचा धाकटा भाऊ हेलिओ अशक्त होता, म्हणून त्याने ताकदीऐवजी तरफेवर भर दिला ही गोष्ट प्रत्येक बीजेजे (ब्राझिलियन जुजित्सू) क्लासमध्ये पहिल्या महिन्यात ऐकवतात. मला ती जरा घरच्यांनी रंगवलेली वाटते, पण असो. माएदाची दुसरीही एक शाखा होती, लुईस फ्रांसाकडून ओस्वाल्दो फाद्दाकडे गेलेली, फाद्दा रिओच्या गरीब वस्त्यांमध्ये शिकवायचा आणि १९५०च्या दशकात त्याच्या पोरांनी ग्रेसींच्या पोरांना पायाच्या कुलपांनी (सांधा अडकवून पिळायच्या पकडींनी) हरवलं. ग्रेसी पायाला हात घालणं हलकं समजायचे, चांभारकाम म्हणायचे त्याला. पायाचा विषय पुढे परत येतोय.

आता माझा खांदा. २३ ऑक्टोबर १९५१, रिओचं माराकाना स्टेडियम, हेलिओ ग्रेसीसमोर जपानहून आलेला मासाहिको किमुरा, त्या काळातला जुडोचा सगळ्यात दांडगा माणूस. दुसऱ्या राउंडमध्ये किमुराने तीच पकड लावली, हात पाठीमागे गेला, हेलिओने टॅप केलं नाही (कळतंय मला, कळतंय), हात गेला आणि कार्लोसने टॉवेल फेकला. आणि मग ग्रेसींनी जे केलं ते मला फार आवडतं. पकडीला उदे-गारामी हे नाव आधीपासून होतंच, पण ब्राझीलमध्ये तिला ज्याने हात मोडला त्याचं नाव पडलं. किमुरा. हरलेल्या घराने जिंकलेल्याचं नाव रोजच्या तोंडात ठेवलं, आणि आज जगात कुठल्याही जिममध्ये गेलात तरी तेच नाव.

आमच्या जुडोवाल्याचा आणि कोचांचा झगडा इथे मिटतो. तिसऱ्याचा राहिला. डबल रिस्टलॉक.

त्यासाठी इंग्लंडच्या लँकेशरला जावं लागतं, विगनला. कोळशाच्या खाणी, कापडगिरण्या आणि तिथल्या कामगारांची कॅच-अ‍ॅज-कॅच-कॅन कुस्ती, धर जसं धरता येईल तसं. बिली रायलीची जिम म्हणजे साधी शेड, पण तिथून जे निघाले ते खतरनाक लोक होते. त्यातला एक कार्ल गॉच, जन्म बेल्जियमचा, १९४८च्या ऑलिम्पिकमध्ये बेल्जियमकडून कुस्ती खेळलेला, चांगला तयार पैलवान, आणि तरी विगनला गेल्यावर त्याला पुन्हा पहिलीपासून शिकावं लागलं. तोच गॉच पुढे जपानला गेला आणि प्रोफेशनल रेसलिंगवाल्या पोरांना कॅचची खरी कुलपं शिकवायला लागला, अँटोनियो इनोकी, फुजिवारा, सातोरु सायामा, सगळे त्याच्या हाताखालून गेलेले. जपानी लोक त्याला कुस्तीचा देव म्हणायचे.

आणि इथे माझ्यासारख्या मराठी वाचकाला एकदम ताठ बसायला लावणारी गोष्ट येते. गॉचचा व्यायाम काय होता? वजनं नाहीत. पत्त्यांचा कॅट पिसायचा, पान उलटायचं, पानाइतके दंड किंवा बैठका. हो, आपलेच दंड आणि बैठका. युरोपच्या लोकांना ही तालीम कळली त्यात गामा पैलवानाचा मोठा हात. १९१० साली गामा लंडनला गेला, त्या काळातल्या जागतिक दर्जाच्या झ्बिश्को नावाच्या पोलिश पैलवानाशी कुस्ती झाली आणि झ्बिश्को अडीच तासांहून जास्त वेळ मॅटला चिकटून पडून राहिला, कुस्ती बरोबरीत. १९२८ला पतियाळ्यात परत गाठ पडली तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत आस्मान दाखवलं. तर हे दंड-बैठका गॉचबरोबर जपानच्या दोजोंमध्ये, म्हणजे तिथल्या तालमींमध्ये गेले, तिथे शेकड्यांनी काढायला लावायचे, आणि तिथून 'हिंदू पुशअप' आणि 'हिंदू स्क्वॉट' अशी नावं लावून परत आले. आमच्या कोचांनी मला पहिल्या आठवड्यात हिंदू स्क्वॉट शिकवला तेव्हा मी गप्प बसून शिकलो. काय सांगणार.

आता ह्यात एक गाठ अशी बसते की वाचताना मी चहा बाजूला ठेवला. १९७६च्या डिसेंबरमध्ये गॉचचा चेला इनोकी कराचीला गेला, समोर अक्रम पैलवान, गामाच्या सख्ख्या भावाचा मुलगा. इनोकीने अक्रमचा हात डबल रिस्टलॉकमध्ये घेतला, अक्रम टॅप करायला तयार नाही, खांदा गेला. म्हणजे गामाची मेहनत गॉचमार्फत जपानला गेली, जपानी पोराने ती रोज केली, आणि विगनच्या कुलपाने गामाच्याच पुतण्याचा खांदा घेतला. (त्याच वर्षी जूनमध्ये इनोकी टोकियोत मोहम्मद अलीशी लढला होता, जवळजवळ सगळे १५ राउंड पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत. तेव्हा लोक हसले. आज एमएमएच्या कुठल्याही कार्यक्रमात लो किकने पाय सुजलेला माणूस बघा, आणि सांगा कोण येडा होता.)

मग ही दोन्ही कुलपं एकमेकांसमोर आली. ब्राझीलमधलं किमुरा आणि विगनमधलं डबल रिस्टलॉक. विगनच्याच शेडमध्ये शिकलेला बिली रॉबिन्सन जपानमध्ये शिकवायला गेला होता, त्याचा एक शिष्य काझुशी साकुराबा. १९९९च्या नोव्हेंबरमध्ये प्राइड नावाच्या जपानी एमएमए स्पर्धेत साकुराबाने हेलिओचा मुलगा रॉयलर ग्रेसीला ह्याच पकडीत धरलं, रॉयलर टॅप करेना, रेफरीने थांबवलं, ग्रेसी मंडळी चिडली. म्हणून १ मे २०००, टोकियो डोम, रॉयस ग्रेसी विरुद्ध साकुराबा, ग्रेसींच्या अटीवर, १५ मिनिटांचे राउंड आणि राउंडांची संख्याच ठरलेली नाही. दीड तास चालली. ९० मिनिटं! शेवटी रॉयसच्या बाजूने टॉवेल आला. आणि साकुराबा त्याच संध्याकाळी परत रिंगमध्ये गेला, इगोर वोवचानचिनसमोर, आणि एक राउंड खेळला. ऑगस्टमध्ये रेन्झो ग्रेसी, परत तीच पकड, कोपर निखळलं, रेन्झोनेही टॅप केलं नाही. ह्या घरात टॅप न करण्याची पद्धतच दिसते. माराकानाला जवळजवळ ४९ वर्षं झाली होती, तीच पकड, तेच घर, फक्त ह्या वेळेला पकड लावणाऱ्याकडे ती जुडोतून कमी आणि लँकेशरच्या शेडमधून जास्त आलेली.

हे सगळं मी मॅटवर त्या तिघांना सांगितलं असतं तर ऐकलं नसतं कुणी, म्हणून इथे लिहितोय.

रशियाचं प्रकरण वेगळं आणि जरा जीवाला लागणारं. वासिली ओश्चेपकोव नावाचा रशियन १९११ला कोडोकानमध्ये शिकायला लागला, ब्लॅक बेल्ट घेतला, आणि रशियात परत येऊन जुडो शिकवताना त्यात इतर कुस्त्या मिसळत गेला. १९३७ला त्याला जपानचा हेर ठरवून पकडलं आणि काही दिवसांतच तो कोठडीत मेला. पुढच्याच वर्षी, १९३८ला, त्या मिसळणीतून आलेली कुस्ती साम्बो नावाने सरकारमान्य खेळ झाली आणि हा सोव्हिएत देशातल्या निरनिराळ्या लोकांच्या कुस्त्यांमधून जन्मलेला खेळ आहे असं सांगण्यात आलं. जपानचं नाव गायब, ओश्चेपकोवचंही. जॉर्जियाची वगैरे कुस्ती त्यात होती हे खोटं नाही, पण बापाचं नावच खोडून टाकलं.

आणि बघा नियमांनी काय काय होतं. जुडोने पायाची कुलपं बंद केली होती, साम्बोने ती ठेवली पण गळा आवळणं बंद केलं. मग काय, रशियन लोक पाय मोडण्यात पटाईत झाले आणि ब्राझीलवाले गळ्यात. दोघंही एकाच कोडोकानची नातवंडं! नंतर मारामारीसकट असलेलं कॉम्बॅट साम्बो आलं, त्यातून फेडोर एमेलियानेंकोसारखा लढवय्या, आणि मग रशियातल्याच दागिस्तानची ती सगळी फौज, त्यातला खबीब नुरमागोमेदोव २९-० करून २०२०ला निवृत्त झाला, त्याच्यात वडिलांनी शिकवलेली फ्रीस्टाइल कुस्ती, जुडो, साम्बो असं सगळं एकावर एक बसलेलं. तो माणूस खाली पाडल्यावर पाय पायात अडकवून मनगट धरून बसायचा ना, ते एका पुस्तकात सापडणार नाही, तीन खेळांच्या कडा घासून घासून झालंय ते.

उभ्याने लढण्याचं पण सांगतो, कारण तिथे मला रोज त्रास होतो. उभं कसं राहायचं? एवढ्याच प्रश्नावर सगळे देश भांडतात. मी आधी दोन वर्षं बॉक्सिंग केलं होतं, त्यामुळे माझा पुढचा पाय जड, अंग तिरकं. पहिल्याच किकबॉक्सिंग स्पारिंगला समोरच्याने त्या पायाच्या मांडीवर तीन लो किक ठेवल्या आणि मी जिना कठडा धरून उतरलो. थाई माणूस पुढचा पाय हलका ठेवतो, जमिनीवर टेकवल्यासारखा, कारण लाथ आली की तो उचलून नडगीने अडवायचा असतो. पण तेवढं सरळ, ताठ उभं राहिलात की कुस्तीवाला दुहेरी पट काढतो आणि तुम्ही छताकडे बघता. म्हणून वाकावं, तर वाकलेल्या डोक्यावर गुडघा येतो. हात वर धरून तोंड झाकावं, तर बॉक्सिंगचा मोठा ग्लोव्ह नाही, चार औंसाचा आहे, मधून ठोसा सरळ आत. मग जे उरतं ते सगळ्यांमधली तडजोड, आणि ती तडजोड प्रत्येकाच्या अंगावर वेगळी दिसते.

पॅडवर आमच्याकडे रोज एक कॉम्बिनेशन होतं, जॅब, क्रॉस, डावा हुक असे तीन ठोसे आणि मग उजवी लो किक. ह्याला डच म्हणतात आणि मला सुरुवातीला वाटायचं असेल कुणी डच. त्यामागेही हरलेला माणूस आहे. १९६४ला जपानचे तीन क्योकुशिन कराटेवाले बँकॉकला मुए थाईवाल्यांशी, म्हणजे थायलंडच्या ठोसे-लाथावाल्यांशी, लढायला गेले, दोघं जिंकले, तिसरा, केनजी कुरोसाकी, कोपर खाऊन हरला. नंतर जाऊन टोकियोत मेजिरो जिम काढली ती त्या हरलेल्या कुरोसाकीने. तिथे हॉलंडचा यान प्लास शिकून गेला आणि १९७८ला अॅमस्टरडॅममध्ये त्याच नावाची जिम काढली. कराटेची ताकद, थाई लाथ, वर बॉक्सिंगचे हात, असं ते झालं. आणि ते कॉम्बिनेशन करून बघा सावकाश: हुक मारलात की तुमची कंबर आपोआप उजवीकडे वळून ताणलेली असते, समोरचा हुकसाठी हात वर घेऊन त्याच्या पुढच्या पायावर वजन टाकून बसलेला असतो, आता तो पाय त्याला उचलता येत नाही, आणि तुमची उजवी नडगी निघालेली असते. त्याला दिसत पण नाही. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी पॅड धरणाऱ्याला थांबवून तीनदा परत केलं, तो वैतागला.

१२ नोव्हेंबर १९९३ला डेन्व्हरमध्ये यूएफसी ह्या अमेरिकन एमएमए स्पर्धेची पहिलीच लढत झाली ती अशाच एका डच माणसाची, जेरार्ड गोर्दो, कराटे आणि सवातवाला, समोर हवाईचा सुमोवाला तैला तुली, २६ सेकंद, एक लाथ, दात उडाला. पण रात्र नेली रॉयस ग्रेसीने. आणि मग कुस्तीवाल्यांना जाग आली. कुस्तीवाल्याच्या रक्तात असतं की पाठ लागली म्हणजे संपलं, चीतपट, घरी जा. त्याला जुजित्सूवाला आपणहून पाठीवर पडताना बघून वाटतं हा हरला, आणि दुसरीकडे तो स्वतः पाठ वाचवायला पोटावर वळतो, नेमकं तेव्हाच मागून गळा आवळला जातो. १९९४च्या डिसेंबरमध्ये डॅन सेव्हर्नने रॉयसला १५ मिनिटं खाली दाबून ठेवलं, कितीतरी जास्त वजनाचा माणूस, आणि शेवटी सेव्हर्ननेच रॉयसच्या पायांच्या त्रिकोणात अडकून टॅप केलं. १९९६ला मार्क कोलमन आला, १९९२च्या ऑलिम्पिकमधला पैलवान, त्याने म्हणलं ठीक आहे, तू पड पाठीवर, मी वरून ठोकतो. ग्राउंड अँड पाउंड.

अमेरिकन शाळा-कॉलेजातल्या कुस्तीचा एक उपकार लोक विसरतात. तिथे खालच्याला निसटून उठल्याचा गुण मिळतो. त्यामुळे त्यांची पोरं लहानपणापासून 'उठ' एवढंच शिकतात, हात जमिनीला, ढुंगण वर, मनगट सोडव, उठ. जुडोत नाही हे, जुजित्सूत तर खाली बरंच आरामात राहतात. आज पिंजऱ्याला पाठ लावून माणूस उठतो ते बघून वाटतं साधं आहे, करून बघा सहाव्या मिनिटाला.

मला मात्र सगळ्यात आवडती लढत कोलमनने हरलेली आहे, जुलै १९९७, मॉरिस स्मिथसमोर. स्मिथ किकबॉक्सर, ह्याआधी जपानमध्ये पकडीवाल्यांकडून टॅप करून हरलेला. सगळ्यांना वाटलं कोलमन खाईल त्याला. पण स्मिथ फ्रँक शॅमरॉक नावाच्या पकडीवाल्याबरोबर आणि त्सुयोशी कोसाका नावाच्या जपानी जुडोवाल्याबरोबर सराव करत होता, स्मिथ त्यांना लाथ शिकवतो, ते स्मिथला खाली पडल्यावर शांत कसं राहायचं ते. स्मिथ खाली पडला, गार्डमध्ये, म्हणजे पाठीवर पडून कोलमनला पायांत अडकवून, धरून बसला, कोलमन दमला, स्मिथ उठला आणि २१ मिनिटांनी पंचांच्या निकालाने जिंकला. मला वाटतं आजची जिम तिथे जन्मली, त्या तिघांच्या मॅटवर, कारण पहिल्यांदाच प्रत्येक जण स्वतःचा खेळ जिंकवायला नाही तर स्वतःचं भोक बुजवायला आला होता. पुढे जॉर्ज सेंट पिएर, कराटेचा पोरगा, शाळेत कधी कुस्ती खेळलेला नाही, माँट्रियलच्या ऑलिम्पिक दर्जाच्या पैलवानांमध्ये जाऊन मार खात राहिला आणि शेवटी पैलवानांनाच पाडायला लागला.

आणि एक, फक्त मला गोड वाटलं म्हणून. २००९ला यूएफसीचा चॅम्पियन झालेला लिओटो माचिदा, शोटोकान कराटेवाला, लांब उभा राहून झपकन आत येणारा, त्याचे वडील जपानहून ब्राझीलला आलेले कराटे मास्टर. वाढला कुठे? बेलेंमध्ये. माएदाच्या गावात.

तर परवा मी हात झोळीत अडकवून क्लासला गेलो, नुसतं बघायला. तिघंही होते. सॉरीवालं पोरगं माझ्याकडे बघायला लाजत होतं, त्याला म्हणलं अरे, पकड चांगली होती, फक्त कोपर अजून थोडं जवळ ठेव. कोचांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, 'खांदा गेलाय, पाय गेलेत का? बसू नकोस.' फळ्यावर वॉर्मअप लिहिलेला होता: हिंदू स्क्वॉट, १००.

जुडोवाला शेजारी येऊन उभा राहिला, मोजायला. एक.